व्याख्येला गुण नाहीत

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल नववीत गेलं की 'कितवीत आहे?' हा प्रश्न बंद होतो आणि 'किती एपी घेतले?' हा सुरू होतो. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, १ ते ५ यांच्यातला एक आकडा मिळवायचा आणि तो आकडा बरा असेल तर पुढे कॉलेजात त्या विषयाची फी वाचवायची. १९५०च्या दशकात ही योजना निघाली तेव्हा हुशार मुलांना जरा पुढचं शिकायला मिळावं एवढाच साधा हेतू होता. न्यू जर्सीत एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंतच्या पट्ट्यात आता ती गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत बोलायची गोष्ट झाली आहे. "मोठ्याचे सहा झाले, धाकटीचे दोन चालू आहेत," असं मागून ऐकू आलं तर ते रूट कॅनलविषयी नसतं.

यात कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री ही आपली कुलदैवतं. त्यांना नैवेद्य दाखवल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. पण ती झाल्यावर एखादा आकडा वाढवायला अजून एक एपी हवा असतो आणि तिथे मानसशास्त्राचा नंबर लागतो. या विषयाची पहिली एपी परीक्षा १९९२ साली झाली. आता वर्षाला तीन लाखांहून जास्त मुलं ती देतात. मनुष्यस्वभावाचं कुतूहल एकाएकी एवढं वाढलं म्हणावं, तर तसं नाही. 'हा एपी सोपा असतो' ही बातमी अमेरिकेतल्या प्रत्येक हायस्कुलात मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडे पोचते. गणित नाही, प्रयोगशाळा नाही, सगळं आपल्याच डोक्यातलं, मग अवघड काय असणार?

मी पूर्वी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. तेव्हा आर्ट्सला आलेल्या मुलीचे वडील प्रवेशाच्या दिवशी माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की वाटावं, आता मीच त्यांचं सांत्वन करायला हवं. त्या मुलींच्याच पिढीतले, सायन्सला गेलेले लोक पुढे इंजिनिअर होऊन रूट वनच्या दोन्ही बाजूंना घरं घेऊन राहिले, आणि आता तेच माझ्या बेसमेंटमध्ये दर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर आपापली मुलं आणून सोडतात, तोच पाव्हलॉव्हचा कुत्रा शिकायला. विषय तोच आहे, मीही तीच आहे. तेव्हा त्या विषयाला भविष्य नव्हतं, आता त्याला क्रेडिट आहे.

पण या विषयात एक गोम आहे. फिजिक्सच्या पुस्तकात फिजिक्सचा अभ्यास कसा करावा हे लिहिलेलं नसतं. मानसशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. लक्षात कसं राहतं, विसरायला कसं होतं, झोपेत मेंदू काय करतो, बक्षिसाने काय बिघडतं, भीतीने काय होतं, हे सगळं अभ्यासक्रमातच आहे आणि त्यावर प्रश्नही येतात. जगात एवढी एकच परीक्षा असेल जिने स्वतःला हरवण्याची रीत आधीच छापून वाटली आहे. आणि आजवर ती रीत वापरताना मी कोणाला पाहिलेलं नाही. मुलं ती पाठ करतात, तिच्यावरचे प्रश्न अचूक सोडवतात आणि मग अभ्यास त्यांच्या आजोबांनी व्हर्नाक्युलर फायनलचा केला होता तसाच करतात.

आता हायलायटर घ्या. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धती तपासल्या. मजकुरावर रंग फासणं आणि तोच धडा पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती तळाला गेल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणी दिवसादिवसांच्या अंतराने करणं या दोन वर आल्या. हे मी टाचणात चार ओळींत लिहून दिलं. पुढच्या रविवारी एका मुलीचं टाचण बघितलं. 'हायलायटिंगचा फारसा उपयोग नाही' हे वाक्य पिवळं, 'स्वतःची चाचणी' गुलाबी, 'अंतराने उजळणी' हिरवं, आणि समासात निळ्या शाईत तारांकित सूचना: इम्पॉर्टंट. पान गुढीपाडव्याच्या रांगोळीसारखं दिसत होतं. "छान झालंय ना?" तिने विचारलं. छान झालंच होतं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

मग मी दर रविवारी वर्ग सुरू होताच छोटी चाचणी घ्यायचं ठरवलं. त्यावर पालकांचं शिष्टमंडळ आलं. "मॅडम, आधी नीट शिकवा, परीक्षा काय मे महिन्यात आहेच," असं त्यातले सर्वांत मवाळ गृहस्थ म्हणाले. मी त्यांना रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आणि गंमत अशी की आपल्याला उतारा चांगला लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले, "पण आमचा मुलगा वाचूनच शिकतो." त्यांच्या स्वरातली खात्री त्या प्रयोगातल्या वाचणाऱ्यांइतकीच पक्की होती.

विसरण्याचं तर विचारू नका. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या तर तासाभरात निम्म्याहून जास्त हाताशी राहत नाही, आणि पुढे गळती हळूहळू मंदावते. हा माणूस वर्षानुवर्षं एकट्याने खोलीत बसून अर्थहीन अक्षरं घोकत होता. माझ्या वर्गातल्या मुलांना त्याच्याविषयी फार सहानुभूती वाटते. त्यांच्या मते त्याला एपी केमिस्ट्री असावी.

त्याच्या आलेखावरून निघणारा धडा उघड आहे: थोडं आज, थोडं चार दिवसांनी, थोडं पंधरा दिवसांनी. ऑक्टोबरात सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर उजळणीचं वेळापत्रक फोनवर तयार केलं, रंगीत, दर आठवड्याला घंटी वाजणारं. ते करण्यात त्याचा शनिवार-रविवार गेला, त्यामुळे त्या आठवड्याची उजळणी राहिली. पुढे घंटी वाजत राहिली आणि तो ती बंद करत राहिला. महिन्याभराने घंटी ऐकून त्याला काहीच वाटेनासं झालं. याला हॅबिच्युएशन म्हणतात, हे त्यानेच मला सांगितलं. उदाहरण अचूक होतं. मी शाबासकी दिली.

झोपेचंही तेच. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, हा भाग त्यांना तोंडपाठ असतो. किशोरवयात आठ ते दहा तास झोप हवी, हेही ठाऊक असतं. झोपेच्या प्रकरणावर मी ऑनलाइन प्रश्नावली दिली होती. एका मुलाने सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर दिली. कॉम्प्युटरने उत्तरं पोचल्याची वेळही नोंदवली होती: रात्रीचे पावणेदोन.

अर्थात काही गोष्टी न सांगताही लक्षात राहतात. फिनिअस गेज हा त्यातला मुकुटमणी. १३ सप्टेंबर १८४८, व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश. रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली आणि दारू ठासायची मीटरभराहून लांब, सहा किलोंची लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो जगला, बोलला, पुढे चिलीत घोडागाडी हाकायला गेला आणि जवळपास बारा वर्षांनी वारला. स्वभाव मात्र बदलला, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. कवटी आणि पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत. ही गोष्ट सांगताना माझ्या बेसमेंटमध्ये एकाही फोनचा पडदा उजळत नाही. मेंदूचा पुढचा भाग नियोजन आणि संयम सांभाळतो, आणि तो पूर्ण तयार व्हायला विशीची मधली वर्षं उजाडतात, हे त्यानंतर सांगितलं की मुलं ताबडतोब वहीत लिहून घेतात. परीक्षेसाठी लिहून घेतात हा माझा समज होता. एका आईचा फोन आला तेव्हा तो दूर झाला: "ताई, हा म्हणतो भांडी घासायचं माझ्या लक्षात राहत नाही कारण माझा फ्रंटल लोब अजून कन्स्ट्रक्शनमध्ये आहे. हे तुम्ही शिकवलंत?"

म्हणजे उपयोजन होतं. कोण म्हणतं होत नाही? फक्त ते स्वतःच्या सोयीचं असतं किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर असतं.

याचा मोसम म्हणजे मानसिक आजारांचं प्रकरण. हे सुरू झालं की दोन आठवडे वर्गात निरोगी माणूस उरत नाही. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना वाचलेला प्रत्येक रोग आपल्याला झालाय असं वाटतं, ही जुनी गोष्ट. आमच्याकडची मुलं त्याहून उदार. ती रोग स्वतःकडे न ठेवता घरभर वाटतात. काका बोलता बोलता विषय बदलतात, त्यांना अटेन्शनचा प्रॉब्लेम. बाबा लॉनच्या कडा फूटपट्टीने मोजतात, त्यांना ओसीडी. एकीने सांगलीच्या आजीला व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं की रोज रात्री गॅस बंद आहे का हे तीनदा बघणं हे कंपल्शन आहे. "गॅस बघते म्हणून तुझा बाप अमेरिकेत पोचायला शिल्लक राहिला," असं म्हणून आजीने पुढचा प्रश्न भाजीचा विचारला.

मी समजावते की नुसती सवय म्हणजे आजार नव्हे. त्या माणसाला त्याचा त्रास व्हायला हवा किंवा रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा. निदान करणं हे शिकलेल्या तज्ज्ञाचं काम आहे, आणि ज्यांना खरोखर हे भोगावं लागतं त्यांच्यासाठी तो शब्द गंमतीचा नसतो. मुलं समजूतदार आहेत, हे ती लगेच मान्य करतात. एकाच मुलाने हात वर केला. "मावशी, पण त्रास होतो ना!"

"कोणाला? बाबांना?"

"नाही. मला. लॉन मी कापतो."

पालकत्वाचा भाग आला की बेसमेंटचं न्यायालय होतं. डायना बॉमरिंड या बाईंनी १९६०च्या दशकात बर्कलीत पालकांच्या तऱ्हा मांडल्या. पहिली: मी सांगतो म्हणून. दुसरी: नियम आहेत, पण त्यांची कारणं सांगू आणि तुझंही ऐकू. तिसरी: तुला हवं ते कर. पहिल्या तऱ्हेची उदाहरणं मागितली तर इतके हात वर आले की मला सांगावं लागलं, घरपट एकच. तिसऱ्या तऱ्हेसाठी अमेरिकन मित्रांचे आईवडील पुढे करण्यात आले, त्यात थोडा हेवाही मिसळलेला होता. दुसऱ्या तऱ्हेपाशी मात्र शांतता पसरली. शेवटी एकीने हळूच विचारलं, "अशी माणसं खरोखर असतात, की ती थिअरेटिकल आहेत?"

ही चर्चा घरी पोचणारच होती. पुढच्या रविवारी एक बाबा गाडीतून उतरून खाली आले. "मॅडम, या बाईंनी तीन प्रकार कुठून काढले? आमच्या वेळी एकच प्रकार होता. त्याला वडील म्हणत."

याच बाबांनी मुलाला कबूल केलं होतं की ५ आला तर नवा आयफोन. मी धोक्याची सूचना द्यायचा प्रयत्न केला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं त्यांच्यातल्या काहींना, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल, असं आधी सांगितलं. काही दिवसांनी ती मुलं आपणहोऊन चित्रं काढेनाशी झाली. म्हणजे अगदी बंद नाही, पण ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांच्या निम्म्यावर आली. आवडीच्या कामाला बक्षीस लावलं की आवड आटते. बाबांनी विचार केला. "म्हणजे आधी आवड असावी लागते?"

"हो."

"मग प्रश्नच नाही. याला मुळातच नाही. आटणार काय?"

हा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होता, आणि तो करणाऱ्या माणसाने मानसशास्त्राचं पुस्तक उघडूनही पाहिलेलं नव्हतं. त्यांना परीक्षेला बसवलं असतं तर आयफोन त्यांनीच जिंकला असता.

पण सगळ्या अभ्यासक्रमात रक्तपात होतो तो निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटपाशी. दर वर्षी, दर वर्गात, प्रत्येक मुलाला वाटतं की याचा अर्थ शिक्षा. तसा तो नाही. शिक्षेने वागणं कमी होतं. इथे काहीतरी नकोसं दूर होतं आणि त्यामुळे वागणं वाढतं. गाडीतलं उदाहरण सगळी पुस्तकं देतात: पट्टा लावेपर्यंत गाडी टुणटुण करते, पट्टा लावला की गप्प बसते, म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो. मुलं हे समजल्याचं सांगतात आणि पुढच्या चाचणीत पुन्हा शिक्षा लिहितात. म्हणून मी एकदा म्हटलं, घरातलं उदाहरण द्या. कोपऱ्यात बसणारा एक अबोल मुलगा उठला. "आई ओरडत असते. मी पुस्तक उघडतो. आई थांबते. म्हणून मी पुस्तक उघडायला शिकलो."

सगळा वर्ग पाव्हलॉव्हच्या भेटीला आल्यासारखा स्तब्ध झाला. इतकं स्वच्छ उत्तर मी पुण्यातही ऐकलं नव्हतं. पण तो अजून बसला नव्हता. "आणि मावशी, मी पुस्तक उघडल्यावर आईची काळजी जाते, म्हणून ती ओरडायला शिकली. म्हणजे दोघांचं ट्रेनिंग चालू आहे." थोडं थांबून त्याने शेवटचा मुद्दा मांडला: "वाचण्याचं ट्रेनिंग मात्र कोणाचंच नाही. फक्त उघडण्याचं."

मी ते उदाहरण सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगितलं. त्याच्या आईला अर्थातच सांगितलं नाही.

मार्च आला की मोठ्या उत्तरांच्या सरावाला लागावं लागतं. २०२५पासून ही परीक्षा बदलली. आता चार पर्यायांचे ७५ प्रश्न ९० मिनिटांत, आणि मग ७० मिनिटांत दोन लेखी प्रश्न. पहिल्यात एका संशोधनाचा सारांश देतात. पद्धत कोणती, मोजलं काय आणि कसं, आकड्याचा अर्थ काय, नीतिनियम पाळले का, निष्कर्ष कोणाकोणाला लागू होईल, हे सांगायचं. दुसऱ्यात तीन संशोधनं देतात. त्यांच्यावरून एक दावा करायचा आणि पुराव्याने तो उभा करायचा. प्रस्तावना नको, उपसंहार नको. नुसती संकल्पना सांगून भागत नाही, ती दिलेल्या प्रसंगाला चिकटवून दाखवायला लागते. मी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय: व्याख्येला गुण नाहीत.

'टिपा लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' यांच्यावर वाढलेल्या पालकांना हे पाहवत नाही. एका आईने मुलीचं सरावाचं उत्तर माझ्यासमोर ठेवलं. "ताई, सुरुवात नाही, शेवट नाही, एक सुभाषित नाही. हे काय उत्तर झालं?" मुलगी म्हणाली, "आई, ग्रेडरला सुभाषित नको असतं, इव्हिडन्स हवा असतो." आई माझ्याकडे वळली. इव्हिडन्स म्हणून का होईना, एखादं सुभाषित चालेल का, असा तिचा प्रश्न होता.

नीतिनियमांचा भाग मुलांना फार आवडतो. माणसावर प्रयोग करायचा तर त्याला आधी सगळं सांगून त्याची संमती घ्यायची, नको वाटलं तर मध्येच सोडून जायची मुभा द्यायची आणि शेवटी त्याला बसवून प्रयोग खरा कशाचा होता ते सांगायचं. याला डीब्रीफिंग म्हणतात. मिलग्रॅमच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगानंतर या नियमांवर बराच काथ्याकूट झाला. समोरच्या माणसाला विजेचे झटके बसताहेत असं वाटत असूनही, करड्या कोटातला गृहस्थ 'चालू ठेवा' म्हणतो म्हणून मूळ प्रयोगातल्या ६५ टक्के लोकांनी ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली होती. हे शिकून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मावशी, मला पाच एपी घ्यायला लावले तेव्हा माझी इन्फॉर्म्ड कन्सेंट कोणी घेतली?"

"अठराच्या आत पालकांची संमती लागते," मी म्हटलं. "पण मुलाचा होकारही लागतो."

"आणि मला कधीही सोडायची मुभा आहे?"

"पुस्तकात आहे."

"आणि डीब्रीफिंग कधी?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. कॉलेज प्रवेशाचे निकाल लागल्यावर, एवढंच म्हणता आलं.

तिने घरीही लढा दिला. जास्त एपी घेणारी मुलं मोठ्या विद्यापीठांत जातात याचा अर्थ एपीमुळे जातात असा नाही, हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे, असं तिने जेवताना मुद्देसूद मांडलं. मांडणी परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत अशी होती. आईने पोळी वाढली आणि म्हणाली, "असू दे सहसंबंध. तू घे."

मे महिना. परीक्षा आता कॉम्प्युटरवर, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपमधून होते. त्यामुळे आदल्या रात्री घरोघर पेन्सिलीऐवजी चार्जर शोधला जातो. चुकीच्या उत्तराला गुण कापणं २०११पासूनच बंद आहे, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका, हा माझा शेवटचा उपदेश. तो मात्र सगळे मनापासून पाळतात. माझ्या सगळ्या शिकवण्यात न वाचता करता येण्यासारखा तेवढाच एक होता.

थोडी धास्ती कामाची असते, जास्त झाली की काम बिघडतं, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर दाखवलं. ते उंदीर सुदैवी, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आत्या नव्हती. परीक्षेच्या सकाळी पुणे, नाशिक आणि ह्यूस्टन इथून शुभेच्छा येतात, त्यात 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य इतक्या वेळा येतं की न घेणाऱ्यालाही शंका यावी. निघताना दही-साखर. एका मुलाने वाटी हातात घेऊन आईला सांगितलं की स्किनरने १९४८ साली कबुतरांवर दाखवून दिलंय, ठरावीक वेळाने दाणे टाकत राहिलं की कबुतर त्या क्षणी जे करत असेल तेच ते पुन्हा पुन्हा करतं, कारण त्याला वाटतं दाणे त्यामुळेच मिळाले. दही-साखर म्हणजे तेच. आईने विचारलं, "झालं बोलून?" मग त्याने दोन चमचे खाल्ले आणि वाटी पुसूनही घेतली. गेल्या वर्षी एपी बायोलॉजीला एकच चमचा खाल्ला होता आणि ३ आला होता.

जुलैत निकाल लागतो तेव्हा अभ्यासक्रमातलं एक शेवटचं प्रात्यक्षिक आपोआप होतं. ५ मिळालेली मुलं सांगतात की त्यांनी खूप अभ्यास केला. २ मिळालेली सांगतात की प्रश्न विचित्र होते, एसी फार थंड होता आणि शेजारचा मुलगा जोरात टाइप करत होता. यशाचं श्रेय आपल्याकडे, अपयशाचं खापर परिस्थितीवर. याला सेल्फ-सर्व्हिंग बायस म्हणतात, आणि नेमका त्यावरचा प्रश्न दोन्ही गटांनी बरोबर सोडवलेला असतो.

अलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला ५ होता, आयफोनही मिळाला होता. कॉलेजात त्याला एकाएकी मानसशास्त्रच घ्यावंसं वाटलं. तेव्हा कळलं की त्याच्या विद्यापीठात हा विषय मुख्य म्हणून घेणाऱ्यांना एपीचे गुण चालत नाहीत. पहिल्या वर्षाचा तोच पेपर पुन्हा, तीच पूर्ण फी भरून. हे नियम प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात, आणि ते आधी वाचावेत असं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलंही असतं.

"पुन्हा तोच कुत्रा, मावशी," तो म्हणाला. "पण गंमत म्हणजे या वेळी डोक्यात पक्कं बसतंय. मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलं ना. स्पेसिंग इफेक्ट!"

दर रविवारी घसा फोडून जे उपयोजन मला करून घेता आलं नव्हतं, ते विद्यापीठाच्या हिशेब विभागाने एका पावतीत करून दाखवलं. शिकलेली गोष्ट स्वतःच्या अभ्यासाला लावून पाहणारा माझ्या वर्गातला हा पहिलाच मुलगा, म्हणून मी त्याला फोनवरच पैकीच्या पैकी देऊन टाकले. त्याच्या वडिलांनी मात्र फीचा आकडा ऐकल्यापासून डीब्रीफिंगची मागणी लावून धरली आहे.